काय कमी आहे?

भरल्या घरातील पन्नाशीला टेकलेली एखादी गृहिणी कधी कधी एकाएकी गप्प होते. हळदीकुंकवाला जाणे ती टाळू लागते, आल्यागेल्याशी बोलताना मध्येच दुसरीकडे पाहत राहते, देवापुढे दिवा लावून तेथेच बसून असते आणि हाक मारली तरी तिला ऐकू येत नाही. घरच्यांस प्रथम प्रकृतीची शंका येते. डॉक्टर होतात, रक्त तपासले जाते, शक्तीच्या औषधांच्या बाटल्या येतात. त्यातून काही निष्पन्न झाले नाही म्हणजे पती, घरची वडीलधारी माणसे, प्रसंगी तिची सख्खी बहीणदेखील तिला एकच गोष्ट विचारते : "तुला काय कमी आहे?" हे विचारणाऱ्याला उत्तराची अपेक्षा नसते. उत्तर त्याने आधीच मोजून ठेवलेले असते. घर आहे, गाडी आहे, मुलगा पेढीवर बसू लागला, मुलगी चांगल्या ठिकाणी पडली, नवरा निर्व्यसनी आहे.

असे विचारणारे लोक वाईट असतात असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. ज्या पतीने तीस वर्षे कष्ट करून घर वर आणले, त्याला पत्नीच्या उदासपणात स्वतःवरचा ठपका दिसतो व तो दुखावतो. तीही बिचारी उत्तर देऊ शकत नाही, कारण यादीतील प्रत्येक गोष्ट खरी असते. मग तिची तिलाच लाज वाटू लागते. शेजारपाजारी म्हणतात, सुख बोचते आहे झाले! विषय तेथे संपतो, निदान बाहेरच्यांपुरता.

तेव्हा ह्या लेखात विचारार्थ घेतलेला प्रश्न असा : जिला छळ नाही, उपासमार नाही, अपमान म्हणावा असा अपमान नाही, अशा स्त्रीने "ह्या संसारात मी कोण आहे?" असे विचारणे हा कृतघ्नपणा होय काय? मला तसे वाटत नाही. उलट हा प्रश्न ऐकून घेणे ही पतीची जबाबदारी आहे आणि ती त्याने विवाहाच्या दिवशीच अंगावर घेतलेली असते, असे मला वाटते. हे मत नव्या वाऱ्याचे आहे असा कोणाचा समज होऊ नये म्हणून आरंभ फार जुन्या ठिकाणापासून करतो.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य आणि मैत्रेयी ह्यांचा संवाद दोनदा आला आहे, एकदा दुसऱ्या अध्यायात व पुन्हा चौथ्या अध्यायात. याज्ञवल्क्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पर्णकुटीत राहणारा वल्कलधारी ऋषी उभा राहतो. परंतु त्याच ग्रंथाचा तिसरा अध्याय पाहावा. जनक राजाने आपल्या यज्ञात एक हजार गाई उभ्या केल्या, प्रत्येक गाईच्या शिंगांस दहा दहा पाद सोने बांधले, आणि जमलेल्या ब्राह्मणांत जो सर्वांत ज्ञानी असेल त्याने त्या न्याव्यात असे सांगितले. वादाला तोंड फुटण्याच्या आधीच याज्ञवल्क्यांनी शिष्याला गाई घराकडे हाकावयास सांगितले! असे हे घर होते. मैत्रेयी ही त्या घरची गृहिणी. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ती चांगल्या सधन माणसाची पत्नी होती.

अशा घरचा कर्ता पुरुष एक दिवस म्हणतो की, मी आता हा आश्रम सोडून जाणार, तेव्हा तुझा आणि कात्यायनीचा निकाल लावून देतो. निकाल म्हणजे वाटणी. व्यवहाराच्या दृष्टीने ह्यात नावे ठेवण्यासारखे काही नाही. मागे भांडण राहू नये म्हणून जिवंतपणीच, कोणी न मागता, दोघींची सोय लावणारा पती आजही शहाणा ठरेल. पण नेमक्या त्याच क्षणी मैत्रेयी विचारते की, धनाने भरलेली ही सगळी पृथ्वी जरी माझी झाली, तरी तिच्या योगाने मी अमर होईन काय? याज्ञवल्क्य सांगतात की नाही. साधनसंपन्न लोकांचे जिणे जसे असते तसे तुझे होईल, इतकेच. त्यावर ती म्हणते की, ज्याने मी अमर होणार नाही ते घेऊन मी काय करू? तुम्हांला जे ठाऊक आहे ते मला सांगा.

ह्या ठिकाणी थोडे थांबावे असे मला वाटते. मैत्रेयी धनाला वाईट म्हणत नाही. वाटणी कमी पडली असेही तिचे म्हणणे नाही, आणि पतीवर तिने कोणताही आरोप केलेला नाही. काय कमी आहे असे तिला कोणी विचारले असते तर तिलाही काही सांगता आले नसते. एवढे सगळे मिळूनही जे मिळत नाही ते कोणते, हा तिचा प्रश्न आहे, आणि तो सुचण्यास पुष्कळ मिळालेले असणे हीच जणू अट आहे. ज्याच्या घरी धान्य नाही त्याला वाटते की धान्य आले म्हणजे सगळे होईल. कोठार भरले तरी सगळे झाले नाही, हे ज्याचे भरले त्यालाच कळते. म्हणून भरल्या कोठाराकडे बोट दाखवून ह्या प्रश्नाचे तोंड बंद करता येत नाही.

आणि याज्ञवल्क्यांचे वागणे पाहण्यासारखे आहे. ते रागावले नाहीत. जाण्याची तयारी झालेला माणूस, मनाने घराबाहेर पडलेलाच होता. पण ते तिला म्हणाले की, तू मला पूर्वीही प्रिय होतीस आणि आता बोललीस तेही प्रिय बोललीस. ये, बस, मी सांगतो, आणि मी सांगत असताना नीट लक्ष दे. मग पहिलीच गोष्ट कोणती सांगितली? पती जो प्रिय होतो तो पतीसाठी होत नाही, आत्म्यासाठी होतो. पुढे पत्नी, पुत्र, धन, सगळे त्याच मालिकेत येते. पण आरंभ पतीपासून आहे. आपल्याच पत्नीसमोर बसून हे सांगणारा नवरा कोणत्या धैर्याचा असेल! कीर्तनकार ह्या ठिकाणी आत्म्याच्या एकत्वाचे निरूपण करतात व ते योग्यच आहे. परंतु संसारी माणसासाठी त्यात एक साधा अर्थही आहे असे मला नेहमी वाटते. नवऱ्यावरची माया ज्या जागेतून उगवते ती जागा तिची स्वतःची आहे. ती जागाच तिला दिसेनाशी झाली तर मायेला आधार कोठून राहणार?

पुढे मृत्यूनंतर संज्ञा उरत नाही असे याज्ञवल्क्य म्हणतात, तेव्हा मैत्रेयी स्पष्टच सांगते की, तुम्ही मला गोंधळात टाकलेत. पाण्यात विरघळलेल्या मिठाचा दृष्टांत देऊन झालेला आहे, दुंदुभी, शंख, वीणा सगळे झाले आहे, तरी तिला कळलेले नाही आणि ती तसे म्हणते. ते पुन्हा सांगतात. आपल्या घरांत दुसऱ्यांदा सांगण्याची पाळी आली की आवाज चढतो, हे कोणास अमान्य होईल?

आता एक गोष्ट मात्र मला ह्या आख्यानात खटकते, आणि ती लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. कात्यायनी कोठे गेली? तिच्या तोंडी एक शब्द नाही. मैत्रेयी ब्रह्मवादिनी आणि कात्यायनी स्त्रियांपुरतीच समज असलेली, असे तिचे एका शब्दात वर्णन करून ग्रंथ पुढे जातो. वाटणीत तिला काय आले, ते तिने आनंदाने घेतले की डोळ्यांत पाणी आणून घेतले, हे कोणी विचारलेले नाही. हजार गाई आल्या तेव्हा त्यांचे शेणपाणी कोणी पाहिले असेल? बसून विचारावयास मैत्रेयीला जी दुपार मिळाली ती कोणाच्या तरी राबण्यातून मिळाली होती. न विचारणारी स्त्री उथळ आणि विचारणारी तेवढी थोर, असा निवाडा करणे अन्यायाचे होईल. कात्यायनीला प्रश्न नव्हताच, असे मानावयास ग्रंथात आधार नाही. तिला विचारले गेले नाही, इतकेच त्यावरून निघते.

आपल्या विवाहसंस्काराकडे ह्या दृष्टीने पाहिले तर दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसतात व त्यांचा मेळ घालणे अवघड जाते. एकीकडे वधूचे गोत्र बदलते, आडनाव बदलते, आणि जुन्या रीतीप्रमाणे तबकात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने तिचे नवे नाव लिहिले जाते. आईबापांनी बारशाला ठेवलेले नाव त्या तांदळात राहते. (अलीकडे पुष्कळ मुली नाव बदलत नाहीत; मी जिच्याविषयी लिहीत आहे तिचे बहुधा बदललेले असते.) त्यानंतर ती अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी, मग ह्याची त्याची आई. पत्रिकेवर 'सौ.' हे अक्षर तिच्या नावाच्या आधी येते. पूजेच्या संकल्पात यजमानाचे नाव व गोत्र उच्चारले जाते आणि ती 'सपत्नीक' ह्या एका शब्दात मावते. तिने यजमानाच्या हाताला हात लावावयाचा. पेढीच्या कागदांवर तिचे नाव भागीदार म्हणून असते खरे, पण पेन्सिलीने फुली करून ठेवलेल्या जागी ती सही करते आणि कागद कशाचा आहे ते तिला ठाऊक नसते.

वडिलांकडे अभिषेक सांगावयास येणाऱ्या मंडळींत एक मोठ्या घरच्या बाई होत्या. गाव आणि नाव सांगण्याचे कारण नाही. त्या दर वर्षी यजमानांच्या नावे अभिषेक करवीत. एका वर्षी नाव सांगता सांगता थांबल्या व म्हणाल्या, "गुरुजी, ह्या वेळी माझ्या नावाने केला तर चालेल का? माझ्या एकटीच्या?" वडील म्हणाले, "न चालावयास काय झाले? गोत्र कोणते घालू?" बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "तेच तर मला कळत नाही." वडिलांनी सांगितले, "ज्याला गोत्र ठाऊक नसते त्याचे आम्ही काश्यप म्हणतो. तुमची तशी अडचण नाही. तुमची दोन आहेत, एक माहेरचे आणि एक सासरचे. तुम्ही म्हणाल ते घालीन." त्यांनी कोणते घातले ते मी विचारले नाही व वडिलांनीही सांगितले नाही.

ही झाली एक बाजू. दुसऱ्या बाजूला, त्याच संस्कारात सप्तपदी आहे. पहिली पावले अन्नासाठी, बळासाठी, धनासाठी, सुखासाठी, संततीसाठी, ऋतूंसाठी अशी पडतात. सातवे पाऊल सख्यासाठी असते. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. अन्न, धन, संतती ही सगळी पावले टाकून झाली तरी विवाह अपुराच राहतो. आजचा कायदाही तेच सांगतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या ७ व्या कलमाप्रमाणे, जेथे विधींत सप्तपदीचा समावेश आहे तेथे सातवे पाऊल टाकल्यावरच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. म्हणजे ज्या पतीने अन्न, वस्त्र, दागिने, मुलेबाळे सगळे दिले आणि सख्य दिले नाही, त्याची सहाच पावले झाली असे म्हणावयाचे काय? कायदा असे म्हणणार नाही. तो पावले मोजतो, त्यांचा हेतू तपासत नाही. परंतु जो पती "काय कमी आहे?" म्हणून सहा गोष्टींची यादी वाचतो, त्याने सातवी आठवावी असे म्हणणे अतिरेकाचे होणार नाही.

जेथे हे सख्य आटते आणि प्रश्न मात्र जिवंत राहतो, तेथे काय होते? त्याचे एक उदाहरण दूरच्या देशातील आहे. ते येथे घेण्याचे कारण असे की, तेथेही पती विचारवंत होता, घर संपन्न होते, आणि अखेर तोही घर सोडून गेला. रशियातील प्रसिद्ध ग्रंथकार टॉल्स्टॉय ह्यांची पत्नी सोफिया हिचा विवाह १८६२ साली झाला. ती अठरा वर्षांची, तो चौतीस वर्षांचा. त्यांना तेरा मुले झाली, त्यांतील पाच बालपणीच गेली. 'युद्ध आणि शांती' ह्या प्रचंड कादंबरीचे कच्चे खर्डे तिने रात्री बसून पुन्हा पुन्हा सुवाच्य उतरून काढले. पुढे पतीच्या ग्रंथांचे प्रकाशनही तीच पाहू लागली. उतारवयात टॉल्स्टॉयांना संपत्तीचा वीट आला; त्यांनी जमीनजुमला व ग्रंथांचे उत्पन्न सोडून देण्याचे मनात घेतले. घर चालविणारी, मुलांची शिक्षणे पाहणारी ती. तिला हा वैराग्याचा मार्ग मान्य नव्हता. जगाने तिला लोभी म्हटले. मैत्रेयीला वंदन करणाऱ्या जगाने कात्यायनीला जे म्हटले असते तेच हे!

त्यांनी १८८९ साली एक कथा पुरी केली. 'क्रॉयट्झर सोनाटा' तिचे नाव. संशयाने पत्नीची हत्या करणाऱ्या माणसाच्या तोंडून तीत विवाहसंस्थेची निर्भर्त्सना आहे. लोकांनी बोट दाखविले ते अर्थातच ह्या घराकडे. सेन्सॉरने कथा अडविली, तेव्हा १८९१ साली सोफिया स्वतः झार बादशहाला भेटली आणि पतीच्या ग्रंथसंग्रहात ती छापण्याची परवानगी तिने मिळविली. तेव्हा तिचे वय सेहेचाळीस होते. जी कथा तिच्या अंगावर येत होती तिचीच वकिली तिने केली. आणि घरी येऊन पुढे काय केले? त्या कथेला उत्तर म्हणून तिने स्वतः एक कथा लिहिली. त्याच प्रकारचा संशयी पती, पण सांगणे पत्नीच्या बाजूचे. कथेचे नाव 'दोष कोणाचा?' अशा अर्थाचे आहे. ती तिच्या हयातीत छापली गेली नाही. १९९४ साली, म्हणजे ती लिहिल्यावर सुमारे शंभर वर्षांनी, रशियात प्रसिद्ध झाली. पतीचे हजारो कागद हाताने उतरणाऱ्या स्त्रीच्या स्वतःच्या कागदांस वाचक मिळावयास एक शतक लागले.

१९१० साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, टॉल्स्टॉय एका रात्री तिला न सांगता घराबाहेर पडले. अठ्ठेचाळीस वर्षांच्या सहवासाबद्दल आभार मानणारी एक चिठ्ठी मागे ठेवली. काही दिवसांतच अस्तापोवो ह्या लहानशा रेल्वे स्टेशनावर त्यांचा अंत झाला. ती तेथे पोहोचली होती, परंतु त्यांची शुद्ध हरपेपर्यंत तिला आत सोडण्यात आले नाही. टॉल्स्टॉय मोठे होते ह्याविषयी माझ्या मनात शंका नाही, आणि त्या घरातील कलहात सगळा दोष एकट्याचा होता असेही कोणी म्हणू नये. परंतु याज्ञवल्क्यांचे जाणे आणि हे जाणे ह्यांत मला एक मोठा फरक दिसतो. याज्ञवल्क्यांनी निर्णय एकट्याने घेतला, हेही काही फार चांगले नव्हे; तथापि ते समोर बसून, तिच्या शेवटच्या शंकेपर्यंत उत्तर देऊन गेले. मैत्रेयीच्या हाती संवाद राहिला, सोफियाच्या हाती चिठ्ठी.

येथे एक आक्षेप नेहमी येतो. हे सगळे श्रीमंतांचे आजार. ज्यांना चूल पेटविण्याची विवंचना आहे त्या बायकांना असले काही सुचत नाही. हा आक्षेप ऐकला की मला जात्यावरच्या ओव्या आठवतात. खेडोपाडी पहाटे दळण दळताना गरीब बायांनी म्हटलेल्या ओव्या गी प्वातवँ, हेमा राईरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. त्यांत देव आहे, भाऊ आहे, माहेर आहे, आणि बाईच्या जन्माविषयीचा हाच प्रश्न नाना तऱ्हांनी आहे. ज्यांनी त्या म्हटल्या त्यांच्या घरी हजार गाई नव्हत्या. प्रश्न त्यांनाही होता, आणि दळता दळता तो म्हणून टाकण्याची जागाही होती. श्रीमंत घरातून जाते कधीच गेले, पीठ बाहेरून येऊ लागले, स्वयंपाकाला बाई आली. कष्ट गेले हे उत्तमच झाले. परंतु त्यांच्याबरोबर ओवीही गेली आणि तिच्या जागी काहीच आले नाही, ह्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

मग अशा स्त्रीने करावे काय? तिला दोन प्रकारचे सल्ले फार लवकर मिळतात. पहिला आपल्या घरांतला : चारधाम करून या, एखादे व्रत धरा, भजनी मंडळात जात जा, मन रमेल. ह्यांतील एकही गोष्ट वाईट नाही. पण प्रश्न विसरावा म्हणून देवाकडे पाठविणे आणि प्रश्न घेऊन देवाकडे जाणे, ह्यांत अंतर आहे. वटसावित्रीच्या दिवशी आपण वडाला सूत गुंडाळतो आणि सात जन्म हाच पती मागतो. महाभारतातील सावित्री स्वतः रथात बसून पती शोधावयास निघाली होती, आणि यमाच्या मागे चालत चालत तिने बोलून, युक्तिवाद करून वर मिळविले होते, हे त्या दिवशी कोणी सांगत नाही. तिची निष्ठा आपण पूजेत घेतली आणि तिची जीभ मात्र ग्रंथात ठेवून दिली.

दुसरा सल्ला बाहेरचा : एवढे आहे तर वेगळ्या व्हा. ती वाट बंद असावी असे मी म्हणत नाही. बडोदे संस्थानाने १९३१ सालीच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता. पुढे १९५५ साली सर्व देशात ती सोय झाली आणि १९७६ साली परस्परसंमतीचे कलम आले. जेथे छळ आहे तेथे त्या दाराची आवश्यकता आहे आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या स्त्रीला नावे ठेवणाऱ्यांत मी नाही. पण ज्या स्त्रीविषयी आपण बोलत आहो तिला बहुधा नवरा नकोसा झालेला नसतो. मी कोण, हे तिला माहीत नाही. आणि ते वेगळ्या घरात राहावयास गेल्याने आपोआप कळेल असा भरवसा कोण देईल?

धनाच्या बाबतीत मात्र मला थोडे अधिक स्पष्ट लिहावेसे वाटते. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला पतीच्या मालमत्तेत हिस्सा मिळाला, पण तो केवळ तिच्या हयातीपुरता. १९५६ च्या वारसा कायद्याच्या १४ व्या कलमाने ती मर्यादा काढून टाकली व स्त्रीच्या ताब्यातील मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची ठरविली. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात असा निर्णय दिला की, स्त्रीधन सासरच्यांच्या हाती सोपविले तरी ते तिचेच राहते. इतके होऊनही कित्येक संपन्न घरांतील बाईला आपल्या लॉकरची किल्ली कोठे असते हे विचारावे लागते. दानाची पावती फाडताना ती यजमानांकडे पाहते. मैत्रेयीने धन नाकारले, परंतु ते तिच्या पुढे ठेवले गेले होते, म्हणून तिच्या नाकारण्याला अर्थ होता. जिच्या हाती ते कधी दिलेच नाही तिला वैराग्याचा उपदेश करणे सोपे आहे!

आणखी एक गोष्ट गृहिणींच्या बाजूनेही लिहिणे प्राप्त आहे, नाहीतर लेख एकांगी होईल. मनातला प्रश्न जेव्हा जिथे विचारावयाचा तिथे विचारला जात नाही, तेव्हा तो दुसऱ्या वाटेने बाहेर पडतो, आणि घरातली सर्वांत सोपी वाट म्हणजे सून. मला माझ्या तरुणपणी कोणी विचारले होते, हे वाक्य ज्या सासूच्या तोंडी सारखे येते तिच्या मनात खरोखर नवऱ्यासाठी असलेला प्रश्न पडून असतो. तिची सून तो ऐकते, आणि ज्याने ऐकावयाचा तो पेढीवर हिशेब पाहत असतो. हा अन्याय तिने करू नये. जेथे सात पावले टाकली तेथेच तिने विचारावे, आणि नीट समजेपर्यंत, मैत्रेयीसारखे, मला समजले नाही असे म्हणत राहावे.

पतीने काय करावे हे सांगण्याचा माझ्या वयाच्या माणसाला अधिकार नाही असे कोणी म्हणेल. मी फक्त षष्ट्यब्दिपूर्तीच्या शांती पाहिल्या आहेत, इतके सांगतो. साठी पूर्ण झालेला यजमान चौरंगावर बसतो, शेजारी ती. पुन्हा हार होतात, नातवंडे हट्ट करून आजीला उखाणा घ्यावयास लावतात, आणि ती चार ओळींच्या आडून का होईना त्याचे नाव घेते. मग कोणी तरी म्हणते, आता आजोबांनी घ्यावे. आजोबा बहुधा हसून वेळ मारून नेतात, कारण त्यांना येत नाही. तो दिवस संपल्यावर, पाहुणे गेल्यावर, मांडव उतरल्यावर, त्यांनी एक दुपार पेढीचा फोन बंद करून तिच्यासमोर बसावे. काय कमी आहे असे विचारू नये. तुला काय वाटते ते सांग, इतकेच म्हणावे व थांबावे. पहिल्या दिवशी ती बहुधा उरलेल्या लाडवांविषयी बोलेल, आचाऱ्याच्या हिशेबाविषयी, बहिणीच्या मुलाच्या लग्नाविषयी. तेव्हा त्यांनी उठू नये.